गरुडध्वज आणि वधशिला

पक्ष्यांनीं मनुष्याच्या अंगणांत जितकें स्थान मिळविलें आहे त्याहून किती तरी मोठें स्थान त्यांनीं त्याच्या निशाणांवर, मुद्रांवर आणि नाण्यांवर मिळविलें आहे. अमेरिकेच्या राजमुद्रेवर इ. स. १७८२ पासून गरुडजातीचा एक पक्षी पंख पसरून बसला आहे. त्याच्या एका पायांत शांततेची फांदी व दुसऱ्यांत तेरा बाण आहेत. रशियाच्या मुद्रेवर दोन मुखांचा गरुड आहे. फ्रान्सच्या लोकांनीं कोंबडा आपला मानला आहे. आपल्याकडे मोर हा १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी ठरलेला असून महाराष्ट्र राज्यानें हरियल म्हणजे हरोळी हिला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. अशा चिन्हांचा अर्थ मुलांनीं विचारला म्हणजे आपण वडील मंडळी बहुधा एक ठराविक उत्तर देऊन मोकळे होतों. गरुड म्हणजे पराक्रम, मोर म्हणजे वैभव, हंस म्हणजे विवेक, कबूतर म्हणजे शांतता! उत्तर सोपें आहे आणि पाठ करावयास सोयीचेंहि आहे. परंतु तें खरें आहे काय?

आमच्या मतें तें अर्धेंहि खरें नाहीं. पक्षी तोच असतो. परंतु त्याला ध्वजावर बसविणाऱ्या कुळानें त्याच्याविषयीं कोणती कथा आपल्या मुलांना सांगितली, यावर त्याचा अर्थ ठरतो. आठशें वर्षांपूर्वीं याच महाराष्ट्रांत दोन राजकुळें सोन्याच्या गरुडाचाच ध्वज मिरवीत होतीं, आणि दोघांच्या गरुडांचा अर्थ एकमेकांच्या अगदीं उलट होता. विशेष हें कीं, त्या दोन्ही कुळांचे धागे आपल्या बीड जिल्ह्यांत व त्याच्या शेजारच्या गांवांत येऊन पोंचतात. तेव्हां घरबसल्या हा विषय तपासून पाहण्यास काय हरकत आहे?

आधीं दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. जुन्या शिलालेखांत व ताम्रपटांत राजांच्या बिरुदांमध्यें ‘लांछन’ आणि ‘ध्वज’ असे दोन निराळे शब्द येतात. लांछन म्हणजे कुळाची खूण. ती ताम्रपटाच्या कडीवरील मुद्रेंत उमटविलेली असे. ध्वज म्हणजे सैन्यापुढें चालणारें निशाण व त्यावरील आकृति. आज लांछन म्हटलें कीं आपल्याला डाग आठवतो. परंतु मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ नुसती खूण एवढाच आहे, आणि तीर्थंकरांच्या मूर्तींच्या पीठावरील चिन्हाला जैन मंडळी आजहि तो शब्द त्याच अर्थानें लावतात. एकाच कुळाचें लांछन एक आणि ध्वज दुसरा, असेंहि पुष्कळ वेळां असे. गोव्याच्या कदंबांचें लांछन सिंह, पण ध्वजावर वानर. सौंदत्तीच्या रट्टांचें लांछन हत्ती, पण ध्वज सुवर्णगरुडाचा. बदामीच्या चालुक्यांचें लांछन वराह. मुद्रा ही दानाची साक्ष आणि ध्वज ही रणांतील ओळख, असा हा सामान्य भेद समजावा.

युरोपांत या विद्येचा उगम थोडा निराळा आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास तेथील सरदार लोखंडी शिरस्त्राणानें तोंड झांकून लढत. तेव्हां आपला कोण व परका कोण हें ओळखण्यासाठीं ढालीवर व अंगरख्यावर चिन्हें रंगविण्याची चाल पडली. पुढें तीं चिन्हें बापाकडून मुलाकडे जाऊं लागलीं आणि त्यांचें एक सविस्तर शास्त्रच तयार झालें. त्या शास्त्रांत पक्ष्यांना जो अर्थ मिळाला तो पक्ष्याच्या स्वभावावरून क्वचितच मिळाला आहे. फ्रान्सचा कोंबडा घ्या. लॅटिन भाषेंत ‘गॅलस’ या शब्दाचे कोंबडा आणि गॉल देशाचा रहिवासी असे दोन अर्थ होतात; त्या श्लेषावर हा कोंबडा उभा आहे! इंग्लंडांत चौथ्या मुलाची खूण म्हणून पाय नसलेल्या पाकोळीची आकृति काढीत. जमीन वडिलांमागें थोरल्याला मिळे. चौथ्याला पाय टेंकावयासहि जागा नाहीं, त्यानें आपल्या पंखांवर भिस्त ठेवावी, असा तिचा अर्थ सांगत. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपल्या वाचकांना ही खूण कांहींशी निर्दय वाटेल. परंतु तींत त्या समाजाचा वारसाहक्क जसाच्या तसा उमटला आहे, हें मान्य करावें लागेल.

त्याच शास्त्रांत पेलिकन नांवाचा एक मोठा पाणपक्षी आहे. त्याच्या चोंचीखालीं झोळीसारखी पिशवी असते व तींतून तो पिलांना मासे भरवितो. जुन्या काळच्या युरोपियनांची अशी समजूत होती कीं, ही पक्षीण स्वतःची छाती चोंचीनें फोडून आपल्या रक्तानें पिलांना जगविते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें ही समजूत चुकीची आहे. परंतु तिच्यावरून तो पक्षी आत्मत्यागाचें चिन्ह झाला, ख्रिस्ती देवळांत कोरला गेला, आणि केंब्रिज व ऑक्सफर्ड येथील कॉर्पस ख्रिस्ती नांवाच्या दोन्ही विद्यालयांच्या चिन्हांत आजहि तो आहे. कथा खोटी ठरली तरी चिन्ह टिकलें. कारण चिन्हाला जीव देणारी गोष्ट पक्ष्याच्या चोंचींत नव्हतीच, ती सांगणाऱ्यांच्या मनांत होती.

आकृति एक आणि अर्थ दोन, याचें उदाहरण दुमुखी पक्ष्याचें आहे. युरोपांतील सम्राटांच्या दुमुखी गरुडाचा अर्थ पूर्व व पश्चिम या दोन्ही दिशांवर दृष्टि, असा सांगतात. आपल्याकडे तशीच आकृति गंडभेरुंड या नांवानें प्रसिद्ध आहे. विजयनगरच्या अच्युतरायानें सोळाव्या शतकांत ती आपल्या नाण्यांवर घातली. म्हैसूरच्या वडियार राजांनीं ती राजचिन्ह म्हणून धारण केली, आणि कर्नाटक राज्याच्या मुद्रेवर ती आज आहे. परंतु आपल्या गंडभेरुंडाला दोन दिशा पाहावयाच्या नसतात. नरसिंहाला आवरण्यासाठीं शिव शरभ झाला आणि शरभाला आवरण्यासाठीं विष्णु गंडभेरुंड झाला, अशी वैष्णवांची कथा आहे. म्हणजे तिकडे दोन मुखें ही राज्याच्या विस्ताराची खूण, आणि इकडे बलवंतालाहि आवरणाऱ्या अधिक बलाची खूण झाली.

आतां आपल्या मुख्य विषयाकडे, म्हणजे गरुडाकडे वळूं. ध्वजावर गरुड बसविण्याची चाल फार जुनी आहे. मध्यप्रदेशांत विदिशेजवळ बेसनगर येथें एक दगडी स्तंभ आहे. तक्षशिलेच्या यवन राजाचा हेलिओदोर नांवाचा वकील तेथें आला असतां त्यानें इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकाच्या अखेरीस देवदेव वासुदेवाचा गरुडध्वज म्हणून तो उभारला. परदेशांतून आलेल्या ग्रीक मनुष्यानें स्वतःला भागवत म्हणवून घ्यावें आणि गरुडाचा स्तंभ उभारावा, ही गोष्ट लहानसहान नव्हे. पुढें चौथ्या शतकांत समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर राजासमोर गरुडध्वज दिसतो. प्रयागच्या स्तंभावरील त्याच्या प्रशस्तींत असें सांगितलें आहे कीं, दूरदूरचे राजे आपापल्या प्रदेशाच्या उपभोगासाठीं गरुडाच्या मुद्रेनें अंकित झालेलें शासन त्याच्याकडे मागत. म्हणजे त्या काळीं गरुडाची आकृति हा नुसता अलंकार नव्हता. ज्या कागदावर आज सरकारी शिक्का पाहून आपण निर्धास्त होतों, त्या शिक्क्याचें काम तो पक्षी करीत होता.

दक्षिणेंत राष्ट्रकूटांनीं गरुड हें लांछन घेतलें. हे राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तें लट्टलूर म्हणजे आपल्या शेजारचें लातूर. सौंदत्तीचे रट्ट याच नगराचें नांव आपल्या बिरुदांत मिरवीत आणि त्यांचाहि ध्वज गरुडाचा. ठाण्याकडे, दक्षिण कोंकणांत व कोल्हापुराकडे राज्य करणारीं शिलाहारांचीं तीन घराणीं होतीं. त्यांपैकीं ठाण्याचे व कोल्हापूरचे शिलाहार ‘तगरपुरवराधीश्वर’ हें बिरुद लावीत. तें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, गोरा कुंभारांचें तेर. ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनांतहि या तगराच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. आज लातूरला वा तेरला कामानिमित्त जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कीं, शेकडों कोसांवरचे राजे या गांवांचीं नांवें आपल्या नांवामागें भूषणासारखीं लावीत होते? राजधानी दूर गेली, परंतु मूळ गांवाचें नांव आणि ध्वजावरचा पक्षी या दोन गोष्टी त्यांनीं सोडल्या नाहींत. पोटासाठीं परगांवीं गेलेल्या आपल्या कुटुंबांनींहि आडनांव आणि कुलदैवत असेंच जतन केलें आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या राजांचें मन समजावयास कठीण जात नाहीं.

सुवर्णगरुडाचा ध्वज मिरविणारें दुसरें मोठें कूळ देवगिरीच्या यादवांचें. हे स्वतःला विष्णुवंशांतील व द्वारावतीचे अधीश्वर म्हणवीत. द्वारकेच्या श्रीकृष्णापर्यंत वंशावळ नेणाऱ्या कुळानें विष्णूचें वाहन ध्वजावर घ्यावें, हें स्वाभाविकच आहे. विष्णूला गरुडध्वज हें नांवच आहे. या यादवांच्या दृष्टीनें गरुड हा स्वामीचें कार्य करणारा आणि शत्रूचा नाश करणारा. आईला दास्यांतून सोडविण्यासाठीं स्वर्गांतून अमृत हरण करून आणणारा आणि सर्पकुळाचा वैरी, ही महाभारतांतील त्याची प्रतिमा त्यांच्या प्रशस्तिकारांच्या डोळ्यांपुढें होती. गरुडाच्या सावलीनें सर्प जसे पळतात तसे शत्रु पळावेत, हा त्या ध्वजाचा सरळ अर्थ होय.

शिलाहारांचा गरुड मात्र निराळा. शिलाहार आपली उत्पत्ति जीमूतवाहन नांवाच्या विद्याधरापासून सांगत. या जीमूतवाहनाची कथा सोमदेवाच्या कथासरित्सागरांत आहे, आणि सम्राट हर्षानें सातव्या शतकांत तिच्यावर नागानंद नांवाचें नाटक रचलें. संस्कृत शिकलेल्या वाचकांना ती ठाऊक असेल. तथापि घरांतील मुलांसाठीं ती थोडक्यांत सांगतों.

जीमूतवाहन हा राजपुत्र. त्याच्या घरीं इच्छिलेलें देणारा कल्पवृक्ष होता. तो त्यानें स्वतःसाठीं न ठेवतां जगाचें दारिद्र्य हरावें म्हणून देऊन टाकला, आणि आईबापांच्या सेवेसाठीं राज्य सोडून तो मलय पर्वतावर राहिला. तेथें मलयवतीशीं त्याचा विवाह झाला. एके दिवशीं समुद्रकांठीं फिरत असतां त्याला पांढऱ्या टेंकड्या दिसल्या. चौकशी करतां कळलें कीं त्या टेंकड्या नव्हत. ते हाडांचे ढीग होते! गरुड नागांचा सरसकट संहार करूं लागला, तेव्हां नागराज वासुकीनें त्याच्याशीं करार केला होता कीं, रोज एक नाग मीच पाठवीन. त्या दिवशीं शंखचूड नांवाच्या तरुण नागाची पाळी होती, आणि त्याची म्हातारी आई त्याला मिठी मारून रडत होती. मुलाऐवजीं मला जाऊं द्या, असें जीमूतवाहनानें विनविलें. परंतु शंखचूड ऐकेना. तो अखेरचें देवदर्शन घेण्यास गेला असतां जीमूतवाहन वध्याचें तांबडें वस्त्र पांघरून मुकाट्यानें वधशिलेवर जाऊन बसला. गरुडानें झडप घालून त्याला पर्वतशिखरावर नेलें आणि खाण्यास आरंभ केला. परंतु आजचें भक्ष्य किंचाळत नाहीं, उलट त्याची मुद्रा प्रसन्न आहे, हें पाहून गरुड थबकला. इतक्यांत शंखचूड धांवत आला आणि खरा प्रकार उघड झाला. गरुडाला पश्चात्ताप झाला. गौरीनें जीमूतवाहनाला उठविलें. गरुडानें अमृत आणून त्या हाडांच्या ढिगांवर वर्षाव केला, आणि पुन्हां नाग मारणार नाहीं अशी शपथ घेतली.

शिलाहार या नांवाचीच व्युत्पत्ति कांहीं अभ्यासक अशी देतात कीं, शिलेवर जो आहार झाला तो शिलाहार. व्युत्पत्ति कोणी मानो वा न मानो. वंशपुरुष म्हणून त्या राजांनीं जीमूतवाहनाचें नांव आपल्या ताम्रपटांत आवर्जून घातलें, हें निश्चित आहे. आतां त्यांच्या ध्वजाकडे पुन्हां पाहावें. ज्या पक्ष्यानें आपल्या पूर्वजाचें शरीर फाडलें, तोच पक्षी या कुळानें सोन्याचा करून मस्तकावर घेतला! पेलिकनच्या चिन्हांत त्याग करणारा पक्षी ध्वजावर आहे. येथें त्याग करणारा मनुष्य ध्वजावर नाहीं, ज्याच्यापुढें त्यानें देह ठेवला तो पक्षी आहे. या ध्वजाकडे पाहणाऱ्या शिलाहार कुमाराला आपल्या बळाची आठवण व्हावयाची नव्हती. परक्याच्या मुलासाठीं जो शिलेवर बसला त्याचा तूं वंशज आहेस, आणि त्याचें धैर्य पाहून मारणाराहि सुधारला, ही आठवण व्हावयाची होती. राज्य करणाऱ्यांनीं अशी कथा आपल्या ध्वजाशीं जोडावी, ही गोष्ट आम्हांस फार थोर वाटते. ते सर्व राजे तिच्याप्रमाणें वागले असें नव्हे. राजे ते राजेच. परंतु आदर्श कोणता ठेवावा याची निवड त्यांनीं केली होती.

आणि मग हे दोन गरुडध्वज एकमेकांसमोर आले. बाराव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूरच्या शिलाहारांचा राजा दुसरा भोज हा पन्हाळ्यावरून राज्य करीत होता. देवगिरीच्या सिंघण यादवानें तेराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याच्यावर चाल करून त्याचें राज्य बुडविलें. या विजयाचें वर्णन यादवांच्या लेखांत कसें यावें? पन्हाळ्याला घर करून राहिलेल्या भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा पक्षिराज, असें सिंघणाचें बिरुद त्यांत आलें आहे. ज्याच्या स्वतःच्या ध्वजावर सुवर्णगरुड होता त्या भोजाला विजेत्याच्या कवीनें सर्प ठरविलें! श्लेष व अलंकार या दृष्टीनें रचना सुंदर आहे. परंतु शिलाहारांच्या घरची कथा ज्याला ठाऊक आहे त्याला तींत एक विलक्षण गोष्ट दिसेल. त्या कथेंत सर्प हा तुच्छ नाहीं, तो आईचा लाडका मुलगा आहे. आणि गरुडाचा खरा मोठेपणा सर्प मारण्यांत नाहीं, मारणें थांबविण्यांत आहे. विजेत्याच्या कवीला गरुडाचा एकच अर्थ ठाऊक होता.

पुढें पन्नासएक वर्षांनीं ठाण्याच्या शिलाहारांचीहि तीच गत झाली. सिंघणाचा नातू महादेव यादव यानें कोंकणावर स्वारी केली, तेव्हां शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर समुद्रांत आश्रयास गेला आणि तेथेंच बुडाला. दोन्ही पक्षांकडे सोन्याचे गरुडच होते; शिलाहारांचा ध्वज मात्र त्या दिवशीं कायमचा खालीं आला.

विजयाच्या गरुडाला किंमत पडत नाहीं असें मात्र समजूं नये. ती किंमत आपल्या जिल्ह्यांतील अंबेजोगाईनें दिली आहे. सिंघणाचा प्रख्यात सेनापति खोलेश्वर हा मुद्गल गोत्राचा ब्राह्मण. अंबेजोगाईशीं त्याचा निकटचा संबंध होता. तेथील सकलेश्वराच्या, म्हणजे ज्याला लोक बाराखांबी म्हणतात त्या मंदिराचा लेख शके ११५० चा, म्हणजे इ. स. १२२८ चा आहे. वेद पढणाऱ्या कुळांतील या पुरुषानें यादवांचा ध्वज गुजराथेपर्यंत नेला. त्याच्यामागें त्याचा मुलगा राम यानें तेंच काम हातीं घेतलें. सिंघणाच्या आज्ञेनें तो गुजराथवर चालून गेला, नर्मदेच्या कांठीं युद्ध झालें, आणि त्या युद्धांत राम पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ अंबेजोगाईस रामनारायणाचें मंदिर उभारलें. त्याचा लेख शके ११६२ चा, म्हणजे इ. स. १२४० चा आहे.

भावाच्या नांवापुढें नारायणाचें नांव जोडून बहिणीनें देऊळ बांधावें, यांत जो शोक व जो अभिमान आहे तो शिलालेखाच्या संस्कृत वर्णनाखालींहि लपत नाहीं. यादवांच्या बिरुदांत गरुड हा शत्रूंना पळविणारा आहे. लक्ष्मीच्या देवळापाशीं उभें राहिलें म्हणजे तोच ध्वज एका घरांतील तरुण मुलगा घेऊन गेलेला दिसतो. शंखचूडाची आई वधशिलेपाशीं रडत होती. खोलेश्वराची लेक दगडावर अक्षरें कोरवीत होती. गरुडाच्या ज्या कथेंत कोणाची आई व कोणाची बहीण दिसत नाहीं ती कथा अर्धवट होय, असें आम्ही म्हणतों तें याच कारणासाठीं. अंबेजोगाईस आद्यकवि मुकुंदराजांच्या समाधीसाठीं व योगेश्वरीच्या दर्शनासाठीं वाचक जातातच. त्यांनीं पुढच्या वेळीं खोलेश्वराच्या या मंदिरासाठींहि थोडा वेळ काढावा.

राम पडल्यास शंभर वर्षें होण्याच्या आंतच देवगिरीचा गरुडहि उतरला. इ. स. १२९६ त अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली, आणि १३१८ च्या सुमारास यादवांचें राज्य पूर्णपणें नष्ट झालें. पन्हाळ्याच्या सर्पाला पळविणारा पक्षिराज स्वतःच कथाशेष झाला. राष्ट्रकूट, रट्ट, शिलाहार, यादव या सर्वांच्या सुवर्णध्वजांपैकीं एकहि आज कोणत्या वस्तुसंग्रहालयांत पाहावयास सांपडत नाहीं. मग गरुड गेला कोठें?

तो आपल्या रस्त्यांवरून दरवर्षीं चालत जातो. ज्येष्ठ-आषाढांत पैठणहून एकनाथमहाराजांची आणि शेगांवहून गजानन महाराजांची पालखी निघते. या दोन्ही पालख्या आपल्या बीड जिल्ह्यांतून पंढरीकडे जातात. वारीच्या सोहळ्यांत उंच काठ्यांवर गरुडटके मिरवीत नेतात. राजाच्या सैन्यापुढें जो पक्षी चाले तोच हा. परंतु त्याच्यामागें आतां तलवारी नाहींत, टाळ आहेत. पंढरपूरच्या देवळांत गरुडखांब आहे, त्याला वारकरी मिठी मारतात. आणि कोणत्याहि विष्णुमंदिरांत देवासमोरची गरुडमूर्ति पाहा. तो पक्षिराज हात जोडून उभा असतो. यादवांनीं त्याला विजयासाठीं वापरलें, शिलाहारांनीं त्यागाची आठवण म्हणून मानलें, आणि सामान्य लोकांनीं त्याला सेवक म्हणून जवळ केलें. राजे गेले तरी हा तिसरा अर्थ टिकला, कारण त्याला राज्याचा आधार नको होता.

जीमूतवाहनाचेंहि असेंच झालें. शिलाहार कुळ लोपलें. परंतु बिहारांत, मिथिलेंत व उत्तरप्रदेशाच्या पूर्व भागांत आपल्या पंचांगाप्रमाणें भाद्रपद वद्य अष्टमीस आया मुलांच्या आयुष्यासाठीं निर्जळ उपास करतात आणि त्या दिवशीं जीमूतवाहनाची पूजा करतात. या व्रताला जीवितपुत्रिका किंवा जितिया म्हणतात, व त्याच्या कहाणींत एक घार आणि एक कोल्हीण यांचीहि गोष्ट असते. परक्या आईचा मुलगा वाचविणारा राजपुत्र अखेर सर्व आयांचा देव झाला. ताम्रपटांतून जें पुसलें गेलें तें कहाणींत जिवंत राहिलें.

पक्ष्याला कुळाची खूण मानण्याची चाल आपल्या समाजांतून अद्याप गेलेली नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. मराठा कुळांतून लग्नाच्या वेळीं देवक बसवितात. त्यांत मोरे कुळाचें देवक मोराचें पीस हें आहे. मोर आणि मोरे या नांवांचें नातें उघड आहे. फ्रान्सच्या कोंबड्याप्रमाणेंच येथेंहि नांव आणि पक्षी यांची गांठ पडली आहे. परंतु देवकाची कल्पना युरोपियन ढालीवरील चिन्हाहून एका बाबतींत अधिक सूक्ष्म आहे. तिकडे चिन्ह दुसऱ्याला दाखवावयाचें असतें. येथें देवक स्वतः पाळावयाचें असतें. जें आपलें देवक त्याला इजा करूं नये, आणि ज्यांचें देवक एक त्यांनीं आपसांत सोयरीक करूं नये, असा निर्बंध त्याच्याबरोबर येतो. जावळीच्या मोऱ्यांचें राज्य १६५६ सालीं संपलें. मोऱ्यांच्या मांडवांतलें मोराचें पीस मात्र राहिलें. आपल्या पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें मोरांसाठीं राखलेलें अभयारण्य आहे. तेथील मोर पाहतांना मुलांना या पिसाचीहि गोष्ट सांगावी.

या सर्व विवेचनाचा व्यावहारिक उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग आहे. शाळा, पतपेढ्या, मंडळें, संस्था नवीन निघतात आणि प्रत्येकीला चिन्ह लागतें. बहुधा एखादा पंख पसरलेला, चोंच उघडलेला गरुड परदेशी चित्रावरून उतरवून घेतात आणि खालीं संस्कृत वचन घालतात. गरुड वाईट नाहीं. परंतु हा गरुड कोणता, असें त्या संस्थेंतील विद्यार्थ्यानें विचारलें तर उत्तर तयार असावें. सर्पाला भिवविणारा कीं सर्पासाठीं अमृत आणणारा? सिंघणाच्या कवीचा कीं जीमूतवाहनाच्या कथेंतला? कीं देवळांत हात जोडून उभा असलेला? तीन्हीं गरुड आपलेच आहेत, आणि तिघांचीं पिसें सोन्याचींच आहेत. निवड केल्यावांचून चिन्ह घेणें म्हणजे अर्थ न समजतां मंत्र म्हणण्यासारखें आहे.

आमच्यापुरतें विचाराल तर, विजयाचा गरुड शंभर वर्षेंहि पुरला नाहीं हें अंबेजोगाईच्या आणि देवगिरीच्या दगडांवरून दिसतें. मुलांना एकच कथा सांगावयाची असेल तर ज्या शिलेवर बसलेल्या मनुष्याची प्रसन्न मुद्रा पाहून आकाशांतील सर्वांत बलवान पक्ष्याची चोंच थांबली, त्या शिलेची सांगावी. तेरला जाण्याचा योग आला तर ती तेथेंच सांगावी. कारण ज्यांनीं ती कथा आपल्या ध्वजावर चढविली ते आपलें मूळ गांव तेंच सांगत होते.